एका अवघड तबकडीचें श्रवण

यंदाच्या उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या एका माजी विद्यार्थ्यानें गांव सोडतांना आपल्या संग्रहांतील तबकड्यांची एक पेटी व त्या वाजविण्याचें यंत्र आमच्या स्वाधीन केलें. पेटींत बहुतेक नाट्यपदें व भजनें होतीं. तीं ऐकून घरांतील सर्वांस आनंद झाला. परंतु तळाशीं एक तबकडी अशी निघाली कीं, तिचें वेष्टन पाहूनच आम्ही बुचकळ्यांत पडलों. तें वेष्टन म्हणजे एक वर्तमानपत्र होतें! बारा पानांचें, घडी घातलेलें, तारखेसह छापलेलें इंग्रजी वर्तमानपत्र. पहिल्या पानावर एका शाळकरी मुलाचें छायाचित्र. आणि आंतील तबकडीवर गाणीं किती? एक. दोन्ही बाजू मिळून एकच गाणें, व तें सुमारें ४४ मिनिटांचें.

ही तबकडी 'जेथ्रो टल' ह्या इंग्रज वादकमंडळीची असून १९७२ च्या मार्च महिन्यांत इंग्लंडांत प्रसिद्ध झाली. तिचें नांव 'थिक ॲज अ ब्रिक', म्हणजे विटेसारखा मठ्ठ. मंद बुद्धीच्या मनुष्यास आपण दगड म्हणतों. उत्तर इंग्लंडांतील लोक त्यास वीट म्हणतात, एवढाच फरक.

आम्हीं ती प्रथम लावली तेव्हां आमची जी अवस्था झाली ती लपवून ठेवण्यांत अर्थ नाहीं. गिटारीचा एक गोड आरंभ झाला. त्यांत बांसरी मिसळली. आतां गाणें रंगणार असें वाटतें न वाटतें तोंच ढोल, ऑर्गन व विजेची गिटार ह्यांनीं एकदम गर्दी केली. ताल धरावा तर मात्रांची गणती मध्येंच बदले. चाल मनांत बसावी तर ती टाकून मंडळी दुसरीकडेच निघून जाई. दहा मिनिटांनीं आमच्या कन्येनें विचारलें, "बाबा, ह्यांचें गाणें सुरू झालें आहे, कीं हे अजून वाद्यें लावताहेत?" आम्हीं तिला गप्प केलें खरें, पण आमच्याही मनांत तोच प्रश्न होता. उत्तरपत्रिका तपासून तपासून आमच्या हाताला एक खोड लागली आहे. 'अर्थबोध होत नाहीं' असा तांबडा शेरा त्या वर्तमानपत्राच्या समासांत लिहावयाचा तेवढा आम्हीं बाकी ठेवला होता.

असलें गाणें कोणी रचावें तरी कां, हें समजण्यास तबकडीचाच थोडासा इतिहास पाहिला पाहिजे. जुन्या तबकड्या मिनिटाला ७८ फेरे घेत, आणि दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारें तीन मिनिटांचेंच गाणें मावे. तासभर आळवावयाचा राग आपल्या बड्या गवयांस तेवढ्यांतच आटपावा लागे, हें आजोबांच्या वेळच्या तबकड्या ज्यांनीं ऐकल्या आहेत त्यांस ठाऊक आहे. १९४८ सालीं अमेरिकेंतील कोलंबिया कंपनीनें मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी लांब पल्ल्याची तबकडी काढली. तिच्या एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक गायन मावूं लागलें. आरंभीं ह्या मोकळ्या जागेंत निरनिराळीं लहान गाणीं भरीत, जशा बरणींत लिमलेटच्या गोळ्या. पुढें कांहीं रचनाकारांच्या मनांत आलें कीं, हीं सर्व गाणीं एका सूत्रांत ओवून तबकडीची मिळून एकच कृति कां करूं नये? अशा तबकडीस कन्सेप्ट आल्बम असें नांव पडलें. बीटल्स मंडळीची १९६७ ची 'सार्जंट पेपर' ही ह्या प्रकाराचें प्रसिद्ध उदाहरण म्हणून दाखविली जाते. त्याच सुमारास इंग्लंडांतील कांहीं तरुण वादकांनीं रॉक संगीतांतील ढोल व विजेची गिटार कायम ठेवून त्यांत ऑर्गनचे गंभीर स्वर, लोकगीतांच्या चाली आणि युरोपांतील शास्त्रोक्त संगीताची दीर्घ मांडणी आणली. ह्यालाच प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. त्यांतील बरेंचसें फुगलेलें व स्वतःवरच खूष झालेलें आहे, हें आमचें मत आम्ही येथेंच सांगून टाकतों.

जेथ्रो टल हें नांव मूळचें अठराव्या शतकांतील एका इंग्रज शेतीसुधारकाचें. बियाणें ओळींत पेरण्याचें यंत्र त्यानें १७०१ च्या सुमारास केलें. वर्गांत हें सांगतांच शेतकऱ्यांचीं मुलें म्हणालीं, "म्हणजे आपली पाभरच कीं, सर!" तें बरोबरच आहे. असो. वादकमंडळीचे मुख्य इयन अँडरसन हे १९४७ सालीं स्कॉटलंडांत जन्मले व पुढें ब्लॅकपूल ह्या समुद्रकांठच्या गांवीं शिकले. गीत, चाल, गायन, गिटार व बांसरी हीं सर्व त्यांच्याकडे. ह्या तबकडीवर पियानो व ऑर्गन वाजविणारे जॉन एव्हन आणि खर्जाची गिटार वाजविणारे जेफ्री हॅमंड हे दोघे त्यांचे शाळेंतील सोबती. १९७१ सालीं ह्या मंडळीनें 'ॲक्वालंग' नांवाची तबकडी काढली होती. तिच्या दुसऱ्या बाजूवर संघटित धर्माच्या दांभिकतेवर कडक टीका आहे, ती आम्हां ख्रिस्ती शिक्षकांनीं एकदां शांतपणें ऐकण्यासारखी आहे. परीक्षकांनीं त्या तबकडीस कन्सेप्ट आल्बम ठरविलें. अँडरसन म्हणत, तीं सुटीं सुटीं गाणीं आहेत. पण त्यांचें कोणी मानीना. तेव्हां त्यांनीं ठरविलें कीं, लोकांस कन्सेप्ट आल्बमच हवा असेल तर असा द्यावा कीं, त्याच्यापुढें बाकीचे सारे फिके पडावे. म्हणजे जी तबकडी आम्ही कपाळाला आठ्या घालून ऐकत होतों, ती एक मोठी थट्टा होती!

थट्टेची मांडणी त्या वर्तमानपत्रांत आहे. त्याचें नांव 'सेंट क्लीव्ह क्रॉनिकल', तारीख ७ जानेवारी १९७२. मुख्य बातमी अशी: जेराल्ड बॉस्टॉक नांवाच्या आठ वर्षांच्या मुलाला, ज्याला लोक कौतुकानें 'छोटा मिल्टन' म्हणत, त्याच्या एका दीर्घ कवितेबद्दल पहिलें बक्षीस मिळालें होतें. ती कविता दूरचित्रवाणीवर वाचली गेली तेव्हां निषेधाचा गदारोळ उठला. बालमनाच्या तज्ज्ञांनीं मुलाची तपासणी करून निकाल दिला कीं, ह्याचें मन बिघडलेलें असून जीवन, देव आणि देश ह्यांविषयीं ह्याची वृत्ति निकोप नाहीं. साहित्यमंडळानें बक्षीस काढून घेतलें आणि तें बारा वर्षांच्या एका मुलीस ख्रिस्ती नीतीवरील निबंधाबद्दल देऊन टाकलें. तबकडीवर जें गायिलें आहे ती हीच जेराल्डची कविता, असा सगळा बहाणा.

वस्तुतः जेराल्ड नाहीं, त्याचें सेंट क्लीव्ह गांवही नाहीं. कविता अँडरसन यांची. वर्तमानपत्रांतील लग्नकार्यें, क्रीडावृत्त, शब्दकोडें आणि ह्याच तबकडीचें एक परीक्षणसुद्धां मंडळीनें मिळून रचलेलें. संगीतापेक्षां ह्या पत्रालाच अधिक वेळ लागला, असें अँडरसन यांनीं सांगितलें आहे. तरी पुष्कळ श्रोत्यांनीं जेराल्डला खरा मानलें. अमेरिकेंत तर ही तबकडी त्याच वर्षीं खपाच्या यादींत पहिल्या क्रमांकावर गेली.

थट्टा आहे हें कळल्यावर तबकडी पेटींत परत ठेवावी, असें आमच्या मनांत आलें होतें. पण एक शंका राहिली. थट्टाच करावयाची तर इतकी मेहनत कोण घेतो? म्हणून आम्हीं ती पुन्हां लावली, आणि ह्या वेळीं अर्थाच्या पाठीस न लागतां केवळ चालींकडे लक्ष दिलें. आपल्याकडे गवई कितीही दूर भटकला तरी मुखड्यावर येतो, व तो आला कीं आपण मान डोलावतों. येथें मुखडा लवकर परत येत नाहीं, पण येतो. आरंभीं गिटारीवर हळुवार ऐकलेल्या स्वरांची ओळख पुढें निराळ्या वाद्यांवर, निराळ्या वेगांत पटते, जशी वर्गांतला मुलगा बाजारांत बापाच्या दुकानावर बसलेला दिसावा व क्षणभरानें ओळखूं यावा. तिसऱ्या खेपेस अशा चार ओळखी पटल्या. चवथ्या खेपेस कविता समोर ठेवून पेन्सिलीनें खुणा केल्या. पहिल्या बाजूच्या अखेरीस आवाज विरत जातो. तबकडी उलटली कीं वारा वाहत असल्याचा आवाज येतो आणि गाणें पुढें चालूं लागतें. सारा कल्लोळ ओसरल्यावर अगदीं शेवटीं ती पहिली हळुवार चाल व तें विटेचें वाक्य परत येतें. चाल तीच, पण पाऊण तास चालून आलेल्या कानांना ती निराळी लागते. त्या ठिकाणीं आमच्या डोळ्यांत पाणी आलें, हें लिहिण्यास संकोच वाटतो, तरी लिहितों. दुसऱ्या बाजूवर मात्र ढोलाचा व तुटक तुटक बोलण्याचा एक भाग आहे, तो आम्हांस आजही कंटाळवाणा वाटतो.

कविता सगळी समजली असें आम्ही म्हणणार नाहीं. कांहीं ओळी चकविण्यासाठींच आहेत असा आमचा दाट संशय आहे. पण तिचा रोख ध्यानांत येतो. मूल जन्मतें, आणि तें कोण आहे हें कोणी पाहण्यापूर्वींच तें कशाच्या उपयोगीं पडेल हें वडील मंडळी ठरवून टाकतात. एका बाजूस शिपाई, दुसऱ्या बाजूस कवि. मुलानें कोणत्या रांगेंत उभें राहावें? मोठ्यांची नीति वाळूच्या किल्ल्यासारखी भरतींत वाहून जाते. संकटाच्या वेळीं चित्रकथांतले व साहसकथांतले वीर कोठें जातात, असें मूल विचारतें, व कोणी उत्तर देत नाहीं. हें एकदां दिसलें कीं वर्तमानपत्रांतली बातमी नुसता विनोद राहत नाहीं. पंचांना त्या मुलाचें म्हणणें कळलें नाहीं. त्यांनीं 'आम्हांस कळलें नाहीं' असें न म्हणतां 'मुलाचें मन बिघडलें आहे' असें म्हटलें.

येथें आम्हांस आमचीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. तीन वर्षांपूर्वीं ह्याच अंकासाठीं इयत्ता नववींतील एका विद्यार्थ्यानें एक कविता दिली होती. तींत एक विहीर रात्रीं उठून उभी राहते व गांवांतून चालूं लागते, एवढें आम्हांस आठवतें. आम्हीं तींवर शेरा मारला: 'अर्थबोध होत नाहीं. विहीर चालत नसते.' आणि ती जागा वक्तशीरपणावरील एका स्वच्छ अक्षरांतल्या निबंधास दिली. त्या मुलानें पुढें आमच्याकडे कांहीं लिहून आणलें नाहीं, आणि तें आमच्या लक्षांतही आलें नाहीं. जेराल्डची बातमी दुसऱ्यांदा वाचतांना तें लक्षांत आलें.

२०१२ सालीं अँडरसन यांनीं ह्या तबकडीचा दुसरा भाग काढला. जेराल्ड मोठा होऊन काय झाला असता, ह्याच्या पांच शक्यता त्यांत आहेत: पैशाचा लोभी सावकारी अधिकारी, बेघर मनुष्य, लढाईवर गेलेला शिपाई, ढोंगी धर्मोपदेशक, आणि कोपऱ्यावरचें दुकान चालविणारा एक साधा गृहस्थ. संगीत पहिल्या भागाइतकें चढलेलें नाहीं. पण ती यादी पालकांनीं एकदां वाचावी. त्यांत कवि एकही नाहीं.

सुटी संपल्यावर आम्हीं त्या विद्यार्थ्यास शोधून काढलें. तो आतां महाविद्यालयांत जातो. कविता आहे काय, असें विचारलें तेव्हां तो म्हणाला, "सर, ती वही दहावीच्या पुस्तकांबरोबर रद्दीत गेली." मग थोडें थांबून म्हणाला, "आमच्या आईला पाण्यासाठी फार लांब जावं लागायचं. मला वाटायचं, एकदा विहिरीनंच चालत यावं. एवढंच होतं त्यात."

त्यानंतर दोन शनिवार तो आमच्या घरीं येऊन ती तबकडी ऐकून गेला. दुसऱ्या बाजूवरील ढोलाचा जो भाग आम्हांस कंटाळवाणा वाटतो, तो त्यानें दोनदां लावावयास सांगितला.