सीटमागची वायर

रात्रीचे दोन वाजून गेले होते. कळंबच्या शिवारातला तो उसाचा फड संध्याकाळीच तुटून रिकामा झाला होता. पण दोन्ही ट्रॉल्या भरायच्या, वरून साखळ्या आवळायच्या, टोळीतल्या बायकांच्या वाढ्याच्या पेंढ्या वर टाकायच्या, यात एवढी रात्र झाली. अण्णांनी ट्रॅक्टरची किल्ली फिरवली. सेल्फ एकदा घरघरला आणि पुढं नुसतं 'टक्'. पुन्हा किल्ली, पुन्हा 'टक्'. डॅशबोर्डवरचा तांबडा दिवा काजव्याएवढा झाला.

"उतरली," अण्णा म्हणाले आणि सीटमागं हात घालून खताची एक गोणी बाहेर ओढली.

त्या हंगामात चार रात्री मी अण्णांच्या ट्रॅक्टरवर मडगार्डला धरून बसलो होतो. गोणी रोज दिसायची, पण उघडलेली त्या रात्री पहिल्यांदा पाहिली. आत वेटोळं केलेली जाड तांब्याची जम्पर वायर होती, एक तांबडी आणि एक काळी. दहाचा आणि तेराचा पान्हा, पॉलिश पेपरचा तुकडा, ग्रीसची डबी, डिस्टिल वॉटरची बाटली, हेडलॅम्प, शिवाय कापडात बांधलेला खायचा सोडा. वायरीचे चिमटे बाजारातले नव्हते. वालचंदनगरच्या कारखान्यात फिटर म्हणून आयुष्य काढलेल्या त्यांच्या एका शेजाऱ्यानं ते बसवून दिले होते. कळंब गावात हाताला पान्हा माहीत नसलेलं घर सापडणं अवघड. शेजारीच वालचंद हिराचंदांनी १९३० च्या दशकात साखर कारखाना उभा केला, मग इंजिनिअरिंगचं काम वाढलं, आणि दोन-तीन पिढ्या तिथं टर्नर, फिटर, वेल्डर झाल्या. अण्णांच्या चिमट्यांची स्प्रिंग इतकी कडक की उघडायला दोन्ही हात लागतात.

बॅटरी का उतरली, हे अण्णांना विचारावं लागलं नाही. अंधारात मोळ्या भरायच्या तर टोळीला उजेड लागतो. डिझेल वाचवायला इंजिन बंद आणि मागचा फोकस चालू, असं तीन तास चाललं होतं. वर पोरांनी टेपही लावलेला. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा खाने असतात. ती पूर्ण भरलेली असली की मीटरवर साधारण १२.६ दिसतं, बारावर आली की जवळजवळ रिकामी. दिवा आणि टेप तेवढ्यावरही चालतात, म्हणून माणूस फसतो. सेल्फला मात्र क्षणभर शेकडो अँपिअर लागतात, आणि तिथं ती मान टाकते.

त्या पहाटे थंडी होती, पण आपल्याकडची थंडी ती किती? कॅनडात स्नोमोबाईल घेऊन बर्फात लांब जाणारे लोक उतरलेल्या बॅटरीसाठी सामान सोबत बाळगतात, कारण उणे अठरा अंशांवर बॅटरीची ताकद निम्म्यावर येते आणि पायी परतणं जिवावर बेततं. उतरलेल्या बॅटरीतलं पाणी तिथं गोठून डबाही फुटतो. इंदापूर तालुक्यात बॅटरीला मारतो तो उन्हाळा. एप्रिल-मेच्या उन्हात आतलं पाणी आटतं, प्लेटा झिजतात आणि वर काही दिसत नाही. मग पौषातल्या पहाटे इंजिनातलं ऑइल घट्ट होतं, सेल्फला जास्त जोर लागतो आणि उन्हाळ्यातली जखम तेव्हा उघडी पडते. म्हणून अण्णा डिस्टिल वॉटर हंगामात नाही, अक्षय्यतृतीयेच्या सुमारास तपासतात. मला हे फार मोलाचं वाटलं. बहुतेक जण बॅटरी बसल्यावरच तिचं झाकण उघडतात.

अण्णांनी आधी टर्मिनल पाहिलं. सैल टर्मिनलमुळंही असंच 'टक्' होतं आणि माणूस उगाच नवी बॅटरी घेऊन येतो. पांढरट-हिरवी बुरशी चढली होती ती सोड्याच्या पाण्यानं धुतली, पॉलिश पेपर मारला, पान्ह्यानं आवळलं. किल्ली फिरवली. 'टक्.'

रिकामा ट्रॅक्टर असता तर ढकलून, नाहीतर उतारावरून सोडून गिअरमध्ये चालू केला असता. जुन्या डिझेल इंजिनाला एकदा फिरवलं की वीज लागत नाही. कमजोर बॅटरीवाले ड्रायव्हर रात्री मुद्दाम चढावर तोंड खाली करून गाडी लावतात. पण मागं दोन भरल्या ट्रॉल्या असताना हे करणाऱ्याला अण्णा शिव्या घालतात. इंजिन बंद असलं की पॉवर स्टिअरिंग दगडासारखं होतं. तेवढं वजन एकदा सुटलं की वळवणार कोण?

तेव्हा थांबायचं. जम्पर वायरीचं हेच आहे, दुसरी बॅटरी आल्याशिवाय ती नुसतं तांबं. पाणंद अरुंद, मागं आणखी एक भरलेली गाडी अडकलेली. तोडलेला ऊस उभा राहिला की सुकतो, वजन घटतं, साखरही उतरते. मागच्या गाडीचा ड्रायव्हर तरीही काही बोलला नाही. त्याला पुढं यायला वाट नव्हती.

वीसेक मिनिटांनी रस्त्यावरून गाण्याचा दणका ऐकू आला. अण्णांनी हेडलॅम्प हलवला. रिकाम्या ट्रॉल्या घेऊन परतणारा विशीतला पोरगा थांबला.

"काय झालं अण्णा?"

"बसली रं. लाव की जरा तोंडाला तोंड. अन् टेप बंद कर आधी."

पोरानं ट्रॉल्या रस्त्यावरच सोडल्या आणि नुसतं इंजिन आत घातलं. पत्र्याला पत्रा लागू न देता वीतभर अंतर ठेवलं. अण्णांनी तांबडा चिमटा आधी आपल्या बॅटरीच्या प्लसला लावला, दुसरं टोक पोराच्या प्लसला. काळा पोराच्या मायनसला. शेवटचं टोक हातात घेऊन ते बॅटरीकडं गेलेच नाहीत. वाकून इंजिनाच्या एका जाड बोल्टचा रंग पान्ह्यानं खरवडला आणि तिथं चिमटा बसवला. बारीक ठिणगी उडाली.

"हितं उडू दे, तिथं नको," ते म्हणाले. बॅटरीतून हायड्रोजन निघतो. ठिणगी त्याच्याजवळ पडली तर डबा फुटून ॲसिड तोंडावर येतं. अण्णांच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत फिकट डाग आहेत. कुठल्या सालचे, ते मी विचारलं नाही.

पोराला रेस वाढवायला सांगून पाच मिनिटं सगळे गप्प उभे राहिले. ही पाच मिनिटं लोक देत नाहीत. लगेच सेल्फ मारतात आणि मग बारीक वायर तापून तिचं प्लास्टिक पघळतं. अण्णांनी वायर मुठीत धरून पाहिली, कोमट होती. किल्ली फिरवली. इंजिन दोनदा अडखळलं, काळा धूर सोडला आणि धरलं.

चिमटे उलट्या क्रमानं निघाले, इंजिनाचा काळा सगळ्यात आधी. पोरगा मागं घ्यायला लागला तेव्हा अण्णांनी त्याला थांबवून त्याच्या बॅटरीवर हेडलॅम्प मारला.

"तुझ्याकडं वायर हाय का?"

"न्हाई."

"अन् ही बुरशी? उद्या धुवून टाक."

कळंबहून वालचंदनगर, जंक्शन, लासुर्णे, बेलवाडी करत भवानीनगरच्या कारखान्यापर्यंत अण्णांनी इंजिन बंद केलं नाही. गेटबाहेर नंबर लागला होता. पुढच्या गाड्या चालू-बंद करत इंचाइंचानं सरकत होत्या, आमचं इंजिन धडधडत राहिलं. वायर या वेळी गोणीत गेली नव्हती. वेटोळं करून अण्णांनी ती माझ्या मांडीवर ठेवली होती, आणि तांब्याचा वास माझ्या हाताला लागला होता.


काटा जवळ आला तेव्हा रांगेत मागून कुणीतरी टॉर्चचा उजेड हलवत होतं. अण्णांनी मागं पाहिलं आणि हात पुढं केला. मी वायर दिली.