हॅकेथॉनचे छत्तीस तास आणि त्याभोवतीचे गैरसमज

हॅकेथॉन म्हणजे बहुधा चोवीस ते छत्तीस तासांच्या सलग मुदतीत लहान संघाने एखाद्या प्रश्नावर प्राथमिक नमुना तयार करून तो परीक्षकांपुढे मांडण्याचा उपक्रम होय. केंद्र सरकारची ‘स्मार्ट इंडिया हॅकेथॉन’ ही स्पर्धा २०१७ साली सुरू झाल्यानंतर महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत हा प्रकार मोठ्या प्रमाणावर परिचित झाला. मात्र त्याच्याबरोबर काही समजुतीही रुजल्या आणि त्यांपायी अनेक विद्यार्थी नाव नोंदवण्याआधीच मागे सरतात.

त्यांतील सर्वांत घट्ट समजूत अशी की, आज्ञावली, म्हणजेच संगणकाचा प्रोग्रॅम, लिहिता येत नसेल त्याला संघात जागा नाही. वस्तुतः वरील स्पर्धेत एकाच महाविद्यालयातील सहा जणांचा संघ लागतो, त्यात किमान एक विद्यार्थिनी असावी लागते आणि सदस्य वेगवेगळ्या शाखांचे असू शकतात. भिवंडी तालुक्यातील अंजूरच्या परिसरात पसरलेल्या गोदामांचे उदाहरण घेता येईल. मालाच्या गाड्या फाटकाबाहेर तासन्‌तास खोळंबतात, हे पाहून प्रोग्रॅमर सहजच चालकाला वेळ आरक्षित करता येईल असे मोबाइल ॲप सुचवतो. परंतु फाटकावरचा रक्षक वहीत गाडीचा नंबर आणि बिल्टीचा, म्हणजे वाहतूकदाराच्या मालपावतीचा, क्रमांक टिपून घेतो, त्यानंतर गाडी डॉकला केव्हा लागणार हे पुष्कळदा माथाडी कामगारांची टोळी आधीच्या गाडीतून केव्हा मोकळी होते यावर अवलंबून असते. ही गोष्ट ज्याने जवळून पाहिली आहे तो गावातला वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असला, तरी प्रश्नाची मांडणी बदलू शकतो, कारण टोळीचे वेळापत्रक विचारात न घेणारे ॲप फार तर खोळंब्याची नोंद ठेवील, खोळंबा कमी करणार नाही.

अनोळखी माणसांचा संघ टिकत नाही, हीही समजूत अर्धीच खरी आहे. संघ मोडतो तो ओळख नसल्यामुळे क्वचित; वाटून घेतलेले भाग शेवटी एकमेकांना जोडताच येत नाहीत, हे त्याचे अधिक नेहमीचे कारण असते. गाडीचा नंबर एकाने ‘एमएच ०४’ असा मध्ये जागा सोडून साठवला आणि दुसऱ्याने सलग अक्षरांत शोधला, तर नोंद सापडत नाही आणि सादरीकरणाला तासभर उरलेला असताना चूक नेमकी कोठे आहे हेही कळत नाही. म्हणून पहिल्या दोन तासांत कोणती माहिती कोणत्या रूपात द्यायची-घ्यायची हे कागदावर लिहून काढावे आणि जोडणी शेवटासाठी न ठेवता दर काही तासांनी करीत राहावी. मित्रांच्या संघात हे बोलणे गृहीत धरले जाते आणि नव्या संघात ते करावेच लागते. त्या अर्थाने अनोळखीपणा उपयोगीच म्हणावा लागेल.

रात्रभर जागणे ही निष्ठेची खूण मानली जाते. सलग सतरा तास जागे राहिलेल्या व्यक्तीची कार्यक्षमता रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या व्यक्तीइतकी घसरते, असे १९९७ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. भारतात वाहनचालकाच्या रक्तातील मद्यार्काची मर्यादा ०.०३ टक्के आहे, तेव्हा पाळी लावून झोपणारा संघ आळशी ठरत नाही.

दोन दिवसांत वापरायोग्य वस्तू तयार होते, ही अपेक्षाही अवास्तव आहे. उदाहरणार्थ, नाशिकला २००३ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यात चेंगराचेंगरीत ३९ भाविक मृत्युमुखी पडले होते. २०१५ च्या सिंहस्थापूर्वी एमआयटी मीडिया लॅबमधील मूळ नाशिककर रमेश रास्कर यांच्या पुढाकाराने तेथे ‘कुंभथॉन’ ही नवनिर्मितीची शिबिरे भरली आणि त्या उपक्रमातून पावले मोजून गर्दीचा अंदाज देणारी ‘आशिओतो’ ही चटई पुढे आली. ती प्रत्यक्ष मेळ्यात अंथरली गेली, परंतु शिबिरांची ही मालिका २०१४ पासून चालू होती. शिवाय हॅकेथॉनला बक्षीस हवेच असेही नाही : १९९९ च्या जूनमध्ये कॅनडातील कॅल्गरी येथे ‘ओपनबीएसडी’ या मुक्त संगणकप्रणालीचे दहा विकासक हॅकेथॉन याच नावाने जमले, ते अमेरिकेच्या निर्यातनिर्बंधांच्या कक्षेबाहेर राहून गुप्तलेखनाची आज्ञावली लिहिण्यासाठी.

राहिला प्रश्न मालकीचा. सहभागी झाले की सर्व हक्क आयोजकांकडे जातात असे सरसकट नाही. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार आज्ञावली ही साहित्यकृती धरली जाते आणि वेगळा करार नसेल तर ती सामान्यतः लिहिणाऱ्यांचीच असते, मात्र नुसत्या कल्पनेला हा कायदा संरक्षण देत नाही. त्यामुळे नोंदणीच्या अटींतील मालकीचे कलम आधी वाचावे आणि कोणी काय लिहिले याचा इतिहास ‘गिट’सारख्या साधनात प्रत्येकाच्या नावाने राहू द्यावा, विशेषतः संघातील सहा जण स्पर्धेनंतर पुन्हा एकत्र येतील याची खात्री नसताना.