सरळपणाचा चकवा

मोरोक्कोतल्या एर्फूद गावाच्या आसपास काळा चुनखडक खणून त्याची टेबलं, तबकं, पेपरवेट घडवतात. पॉलिश केल्यावर त्या काळ्या दगडात गाजरासारखे निमुळते, आडव्या पडद्यांनी कप्पे पडलेले जीवाश्म शंखांचे पांढरट आकार उठून दिसतात. जगभरच्या दुकानांत त्यांच्यावर एकच चिठ्ठी असते : ‘ऑर्थोसेरास’, म्हणजे सरळ शिंग. वर्णन म्हणून हे ठीक, नाव म्हणून चूक. ब्रुग्येर या फ्रेंच निसर्गअभ्यासकाने १७८९ मध्ये हे नाव रूढ केलं आणि पुढे शतकभर जो सरळ शंख हाती लागेल तो याच पोतडीत पडत गेला. जोआखिम बारांद याने बोहेमियातल्या शीर्षपाद (माकूल-ऑक्टोपसच्या वर्गातल्या) प्राण्यांवर एकोणिसाव्या शतकात प्रचंड ग्रंथ लिहिले, त्यांतही ऑर्थोसेरासच्या जाती शेकड्याने भरल्या आहेत. आज काटेकोर अर्थाने हे नाव बाल्टिक भागातल्या ऑर्डोव्हिशियन चुनखडकातल्या ‘ऑर्थोसेरास रेग्युलारे’पुरतं राखलं जातं. मोरोक्कोच्या त्या फरश्या सिल्युरियन आणि डेव्होनियन काळातल्या, म्हणजे कोट्यवधी वर्षांनी अलीकडच्या.

नावाची ही कटकट केवळ तज्ज्ञांची हौस नाही. शंख सरळ असणं हा नात्याचा पुरावाच नव्हे, हा खरा मुद्दा आहे. नातं शोधायचं तर शंख उभा चिरून आत पाहावं लागतं. प्राणी राहायचा तो शेवटच्या मोठ्या दालनात. मागचे कप्पे रिकामे आणि त्या सगळ्यांना ओवणारी एक नळी, सायफंकल. तिच्यातून कप्प्यांतलं पाणी काढून घेतलं जाई, त्याजागी वायू येई आणि जड शंख पाण्यात तोलला जाई. ऑर्थोसेरिड गटात ही नळी बारीक, बहुधा मध्याजवळ. एंडोसेरिड गटात ती ऐसपैस, बहुधा एका कडेला, आणि तिच्यात चुन्याचे शंकू एकात एक बसवलेले, नरसाळ्यांची चळत लावावी तसे. अ‍ॅक्टिनोसेरिडांत ती दर कप्प्यात फुगलेली, मण्यांच्या माळेसारखी. बाहेरून तिघंही सरळ आणि निमुळते. आत तीन वेगळी घराणी.

यावर रास्त शंका अशी, की आतली रचना तरी विश्वासाची कशावरून? सरळ शंखाच्या टोकाकडे वायू साठला की टोक वर उचललं जाणार आणि प्राणी खाली डोकं करून लोंबणार. आडवं पोहायचं तर टोकाकडे वजन हवं. चुन्याचे थर साचले ते या गरजेपोटी, आणि गरज सारखी असली की उपायही सारखे निघतात. शंका खरी आहे, म्हणूनच एकट्या थरांवर कोणी शहाणा अभ्यासक निवाडा देत नाही. पडदा नळीपाशी वळतो तिथली त्याची मान आखूड की लांब, स्नायू शंखाला चिकटत त्या खुणा कुठे, आणि सर्वांत बोलका साक्षीदार म्हणजे पिल्लाचा पहिला कप्पा, हे सगळं एकत्र पाहावं लागतं. क्रिटेशस काळातला बॅक्युलायटिस घ्या. पुदुच्चेरी परिसरातल्या थरांतही तो सापडतो. काठीसारखा सरळ, पण त्याचं इवलंसं बालपणीचं टोक वेटोळं असतं आणि पडद्यांच्या कडा नक्षीदार दुमडलेल्या. तो वेटोळ्या अ‍ॅमोनाइटांचा वंशज, नंतर सरळ झालेला. प्राचीन सरळ शंखांशी त्याचं साम्य वरवरचं.

उलट दिशेचं उदाहरण त्याहून गमतीचं. ऑर्थोसेरिडांतूनच बॅक्ट्रायटिड नावाचा गट निघाला, त्याची नळी कडेला सरकलेली. आणि डेव्होनियन काळात त्याच्यातून वेटोळे अ‍ॅमोनाइट उपजले. माकूल-ऑक्टोपसचं कुळही याच शाखेचं मानतात. एका सिल्युरियन सरळ शंखात जिभेवरच्या दातांची पट्टी टिकलेली मिळाली, तिची ठेवण आजच्या वेटोळ्या शंखाच्या नॉटिलसपेक्षा माकुलाशी जुळते. गंडकीच्या शाळिग्रामातलं चक्र नॉटिलससारखं दिसतं खरं, पण तो अ‍ॅमोनाइट आहे, आणि नात्याने मालवणच्या बाजारातल्या माकुलाच्या जवळचा. मग या प्राचीन सरळ शंखांना सरसकट ‘नॉटिलॉइड’ म्हणण्यात फारसा अर्थ उरत नाही. सोयीचा शब्द आहे, इतकंच.

कोणी म्हणेल, आकारावरून नाव दिलं तर निदान काम तरी चालतं. एकुलता नमुना चिरून कशाला घालवायचा? चिरू नये अशी वेळ येते, मान्य. पण पॉलिश केलेली फरशी हाही एक काप असतो आणि तो बहुधा तिरपा, मध्यरेषेला चुकलेला. त्यात नळी दिसतच नाही, कप्प्यांची अंतरं फसवी दिसतात, आणि अशाच कापांवरून उभ्या केलेल्या जाती पुढे रद्द कराव्या लागतात. अशा दगडावर ‘सरळ शंखाचा शीर्षपाद, प्रजाती अनिश्चित’ एवढंच लिहिलेलं बरं, मग दुकानदाराला ते कितीही रुक्ष वाटो.