काळ्या मातीतली नोलिना

लासलगाव-निफाड पट्ट्यात नवे बंगले उठले, तशी त्यांच्या अंगणात नोलिनाही आली. नर्सरीत पोनीटेल पाम म्हणून मिळते ती हीच: बुडाशी फुगीर गड्डा, वरून चहूबाजूंनी लोंबणारी लांब, अरुंद पाती. एखाद-दुसऱ्या पावसाळ्यात ती पिवळी पडू लागते. मग घरची मंडळी काय करतात, तर पाणी वाढवतात. झाड जातं ते तिथंच.

नोलिना मूळची पूर्व मेक्सिकोतली, खडकाळ उतारांवर वाढणारी. ती पाम नव्हेच. शतावरी आणि घायपाताच्या कुळातली. हे कुळ आणि कांद्याचं कुळ वनस्पतिशास्त्रात एकाच गणात बसतं. गड्डा ही तिची पाण्याची साठवण. काढणीआधी कांद्याचं पाणी तोडणारा, चाळीत भरताना मान वाळली का हे चाचपून बघणारा लासलगावकर नोलिनाला मात्र रोज संध्याकाळी पाइप लावतो, याचं मला नवल वाटतं. कांदा ज्या ओलीनं सडतो, त्याच ओलीनं हीही सडते.

त्यात आपली काळी माती. ती पाणी धरून ठेवते, गव्हाला ते चालतं. नोलिनाच्या मुळांना हवा मिळत नाही. शेजारी लॉन असेल आणि त्याचे फवारे रोज चालत असतील, तर विचारायलाच नको.

दुखणं ओळखायला गड्डा अंगठ्यानं दाबून बघावा. घट्ट पण सुरकुतलेला असेल तर झाड खरंच तहानलेलं आहे, एकदा भरपूर पाणी द्या. मऊ लागला, कुबट वास आला, तर आत सड आहे. पातीचे शेंडे नुसते तपकिरी पडणं हे फारसं काळजीचं नाही. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यानंही तसं होतं. खालची जुनी पाती वाळणारच. पातीच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण, ओल्या फडक्यानं पुसून काढावा.

सड थोडी असेल तर झाड उपसून काढा. धारदार चाकूनं सडका भाग पांढरट, निरोगी गर लागेपर्यंत कापा. जखमेवर बोर्डो पेस्ट लावा. द्राक्षबागेमुळे ती या भागात घरोघरी माहीत आहे. काही दिवस सावलीत वाळू द्या आणि मगच लावा. जागा मात्र बदला. कांद्याच्या रोपासाठी गादीवाफा करतो तसा, पण चांगला उंच ढीग घाला. त्यात मुरूम आणि जाड वाळू निम्म्याहून जास्त असू द्या. गड्डा पूर्ण मातीच्या वर राहिला पाहिजे, मुळंच तेवढी खाली. लावल्यावर आठवडाभर पाणी नको. पुढे उन्हाळ्यात माती खोलवर वाळली की एकदा, पावसाळ्यात अजिबात नाही.

गड्डा निम्म्याहून अधिक मऊ झाला असेल तर धडपड सोडावी. शेंडा गेला पण गड्डा शाबूत आहे, अशा झाडाला मात्र बाजूनं नवे फुटवे येतात. ते उपटू नका.

राहिली थंडी. निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा पाच अंशांखाली गेल्याची बातमी हिवाळ्यात बऱ्याचदा येते. मोठं झाड ती सोसतं, कोवळ्याची पाती करपतात. म्हणून नवीन रोप फाल्गुनात, थंडी सरल्यावर लावावं. पावसाआधी मुळं धरतात.