सिमेंटच्या पत्र्याला रंग देताना

आपल्या जालना जिल्ह्यात पूर्वी घर म्हटले की माळवदाचे. जाड भिंती, वर पांढऱ्या मातीचा थर, आणि मृगाच्या आधी त्यावर नवी माती. ही दरसालची कटकट नको म्हणून अंबड-परतूरकडे काय नि भोकरदन-जाफराबादकडे काय, घराघरावर सिमेंटचे नागमोडी पत्रे चढले. कुठे सपाट पत्र्यांच्या आडभिंतीही उभ्या राहिल्या. आता ते पत्रे काळवंडले, शेवाळले. दिवाळीला रंग द्यावा, असे घरात ठरते. रंगारी येतो, तारेचा ब्रश काढतो आणि खरवडायला बसतो. वाचकहो, तिथेच त्याचा हात धरा!

का, ते सांगतो. हा पत्रा नुसत्या सिमेंटचा नव्हे. ऑस्ट्रियातील लुडविग हाचेक यांनी १९०१ साली याचे पेटंट घेतले. सिमेंटात अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू कालवून पातळ पण चिवट तक्ते करायचे, ही त्यांची युक्ती. तंतू सिमेंटात अडकलेले असतात तोवर स्वस्थ असतात. कोरडे घासले की सुटतात, डोळ्यांना दिसत नाहीत, श्वासाबरोबर फुप्फुसात उतरतात. त्यातून उद्भवणारा कर्करोग वीस-तीस वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा डोके वर काढतो. तेव्हा त्या रंगकामाची आठवणही कुणाला नसते. हल्ली अ‍ॅस्बेस्टॉस नसलेले पत्रेही मिळतात. पण जुना पत्रा नुसता पाहून ओळखता येत नाही. तेव्हा शंका असली तर आहेच, असे धरून चालावे.

मग करायचे काय? पत्रा आधी भिजवा. साबणाचे पाणी आणि मऊ ब्रश, बस्स. जोराच्या फवाऱ्याचे यंत्र नको, ग्राइंडर तर नकोच. सुटलेला जुना रंग ओला असतानाच फडक्याने पुसून घ्या. नाकाला बांधलेला रुमाल हे तंतू अडवीत नाही, हे रंगाऱ्यालाही सांगा. आता तुम्ही म्हणाल, जालन्यात प्यायला पाणी मिळेना नि पत्रे कसले धुता? खरे आहे, कोरडे खरवडण्याचा मोह होतो तो त्यामुळेच. म्हणून हे काम उन्हाळ्यात काढूच नका. दसऱ्यानंतर विहिरींना पाणी असते, पाऊस सरलेला असतो, ऊनही बेताचे असते.

पत्र्यावर उभे राहू नका बरे का! जुना पत्रा सांगून मोडत नाही. खालच्या आधारांवर आडवी फळी टाकून तिच्यावरूनच वावरा.

चांगला वाळू द्या. सिमेंटात चुन्याचा अंश असतो. त्यावर थेट तेलरंग लावला, तर त्या तेलाचा साबण होतो आणि रंग पापुद्रे धरून सुटतो. तेव्हा सिमेंटचा प्रायमर एक हात, त्यावर बाहेरच्या भिंतीचा पाण्यात मिसळणारा रंग दोन हात. आडभिंत असेल तर मागची बाजू आणि कडाही सोडू नका; मागून ओल शिरली की पुढे फोड येतात. छपराला पांढरा रंग घ्या, वैशाखात घर थोडे थंड राहील. मात्र तापल्या पत्र्यावर ब्रश फिरवू नका. सकाळची वेळ उत्तम.

पत्र्याला बोट लावताच भुगा होत असेल, तर रंगाचा खर्च वाया. तो बदलावा. उतरवलेले तुकडे ओले करून जाड प्लास्टिकमध्ये बांधावेत. अंगणात फोडून खड्ड्यात भर म्हणून घालू नयेत. पुसायची फडकीही धुऊन परत वापरू नका, त्याच गाठोड्यात टाका.