अँटिग्वा शहराचे जुने फोटो आणि कॉफीचा मळा

घोडा दौडत असताना त्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात की नाही, हा जुना वाद होता. १८७८ साली एडवर्ड मायब्रिज या इंग्रज छायाचित्रकाराने अमेरिकेत ओळीने कॅमेरे लावून तो कायमचा मिटवला. पाय सुटतात, हे फोटोतच दिसले. हाच मायब्रिज त्याआधी तीन वर्षे, म्हणजे १८७५ साली, मध्य अमेरिकेत फिरत होता. त्या प्रवासात त्याने ग्वाटेमाला देशातील अँटिग्वा शहराचे आणि आसपासच्या कॉफीच्या मळ्यांचे फोटो काढले. शेतकरी कुटुंबांनी पाहावेत असे ते फोटो आहेत.

ग्वाटेमाला हा आकाराने महाराष्ट्राच्या सुमारे एक-तृतीयांश असलेला देश. अँटिग्वा हे तिथले जुने राजधानीचे शहर. समुद्रसपाटीपासून सुमारे पाच हजार फूट उंचीवर, ज्वालामुखी डोंगरांच्या कुशीत ते वसले आहे. १७७३ च्या मोठ्या भूकंपात शहर ढासळले आणि राजधानी दुसरीकडे हलवली गेली. मायब्रिज पोहोचला तेव्हा शंभर वर्षे लोटूनही पडक्या चर्चचे मोठमोठे खांब तसेच उभे होते आणि त्यांच्या आसपास माणसांचा रोजचा संसार चालू होता. आज हे शहर जागतिक वारशाच्या यादीत आहे.

त्या काळी फोटो काढणे हे कष्टाचे काम होते. काचेवर औषधी लेप द्यायचा, तो ओला आहे तोवर फोटो घ्यायचा आणि लगेच अंधाऱ्या तंबूत जाऊन काच धुवायची. काचा, औषधे, तंबू असे सगळे बिऱ्हाड बरोबर न्यावे लागे. माणूस जरा हलला की फोटोत धुरकट दिसे. म्हणून त्या फोटोंत माणसे थांबून, अंग आवरून उभी असलेली दिसतात.

या भागातील बायका मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, धुतात, दगडी पाट्यावर वाटतात आणि त्याच्या भाकरी थापतात. ही रीत हजारो वर्षांची आहे. चुन्यामुळे मक्यातील एक जीवनसत्त्व अंगी लागते. ही युक्ती न घेता जिथे लोक केवळ मक्यावर राहिले, तिथे पेलाग्रा नावाचा त्वचेचा रोग पसरला. खेड्याखेड्यातील बायकांच्या हातमागावरच्या चोळ्यांची वीण वेगळी असते. चोळी पाहून बाई कुठल्या गावची ते ओळखता येते.

आता मळ्याकडे वळू. या भागात पूर्वी निवडुंगावर किडे पाळून त्यांपासून तांबडा रंग काढीत. १८५६ नंतर युरोपात कारखान्यातले रंग निघाले आणि तो धंदा बसला. आपल्याकडच्या निळीचीही पुढे तीच गत झाली. अँटिग्वाच्या जमिनीत मग कॉफी आली. मायब्रिजने तिचा सारा क्रम टिपला आहे: रान साफ करणे, लागण, खुरपणी, कोवळ्या रोपांना उन्हापासून आडोसा, तोडणी आणि पुढे माल जहाजावर चढवण्यापर्यंत. कॉफीची फळे एकदम पिकत नाहीत. लाल झालेली तेवढीच हाताने तोडावी लागतात, आणि त्यासाठी त्याच झाडाकडे पुन्हा पुन्हा यावे लागते. पाच-सहा किलो फळांतून एक किलो बी हाती येते. म्हणजे या पिकाला माणसे फार लागतात.

ही माणसे येत कुठून? फोटो त्याबद्दल काही बोलत नाही.

तेव्हा हुस्तो रुफिनो बारियोस हे राष्ट्राध्यक्ष होते आणि देश कॉफीवर पुढे न्यायचा असे त्यांचे धोरण होते. फोटो काढल्यानंतर वर्षभराने, १८७६ च्या नोव्हेंबरात, सरकारी हुकूम निघाला: मळेवाले मागतील तेवढे मजूर जिल्हा अधिकाऱ्यांनी माया लोकांच्या गावांतून पुरवावेत. मजुरी मिळे, पण नाही म्हणण्याची सोय नव्हती. १८७७ साली मजुरांना आगाऊ रक्कम देऊन बांधून घेण्याचे नियम झाले. आपला ऊसतोड कामगार जिला ‘उचल’ म्हणतो तसलीच ती रक्कम. ती फिटेपर्यंत मळा सोडता येत नसे आणि हिशेबाची वही मालकाच्या हाती. गावांच्या सामाईक जमिनीही याच काळात खासगी मालकीकडे जाऊ लागल्या. त्यात वरच्या डोंगरातला मका काढणीला येई त्याच महिन्यांत मळ्यात कॉफीची तोडणी असे. परक्याचे पीक काढायला जाताना स्वतःचे पीक शेतात उभे राही.

ही कर्जाची बेडी १९३४ साली कायद्याने तुटली. पण तिच्या जागी दुसरा कायदा आला: ज्याला पुरेशी जमीन नाही त्याने वर्षातले ठरावीक दिवस मजुरी केलीच पाहिजे. तो १९४५ साली रद्द झाला. १९५२ साली पडीक मोठ्या जमिनी भूमिहीनांना वाटण्याचा कायदा झाला. पण १९५४ साली ते सरकार उलथवले गेले आणि वाटलेल्या बहुतेक जमिनी परत गेल्या.

मायब्रिजने खोटे फोटो काढले असे कोणी समजू नये. त्याचा प्रवास एका आगबोट कंपनीच्या पाठबळावर झाला होता आणि त्या देशाकडे प्रवासी व व्यापारी यावेत, ही त्यामागची गरज होती. मग मळा नीटनेटका दिसणारच. आमच्या विस्तार कामातही प्रात्यक्षिक प्लॉटचा फोटो निघतो तो पीक डौलात असतानाचाच. कर्जाचा हप्ता आणि मजुराची रिकामी चूल त्यात येत नाही.

म्हणून अंकात किंवा भिंतीवर कुठल्याही पिकाचा देखणा फोटो दिसला, तर मुलांना जवळ बसवा आणि तीन गोष्टी विचारा. हे पीक कोणी काढले? जमीन कोणाची? काढणाऱ्याच्या स्वतःच्या शेतात त्या वेळी काय चालले होते? या तीन प्रश्नांची उत्तरे शोधली, तर मुलांना फोटो खऱ्या अर्थाने वाचता येईल.