तारा तुटतांना पाहिल्यास काय लिहावें?

एका रात्रीं वसतिगृहाच्या अंगणांत आम्ही मुलांसह उभे असतां आकाशांतून एक प्रखर तेजोगोल सरकत गेला व सारें अंगण क्षणभर उजळलें. दुसऱ्या दिवशीं मुलांस विचारलें, तों कोणी म्हणे तो उत्तरेस गेला, कोणी म्हणे पश्चिमेस. पुष्कळांच्या मतें तर तो पलीकडच्याच शेतांत पडला! निवाडा कोण करणार? आम्हीं स्वतः ना घड्याळ पाहिलें होतें, ना एक ओळ लिहिली होती.

वस्तुतः तारा कधीं तुटत नाहीं. अंतराळांतील एखादा दगड सेकंदास ११ ते ७२ किलोमीटर वेगानें वातावरणांत शिरतो व तापून उजळतो. हा प्रकाश बहुधा ८० ते १०० किलोमीटर उंचीवर सुरू होतो. म्हणूनच तो दूरदूरच्या गांवांतून दिसतो, आणि प्रत्येकास तो आपल्याच शिवारांत पडल्याचा भास होतो. एकाच्या नोंदीनें केवळ दिशा कळते; दोन गांवांच्या नोंदी जुळविल्या म्हणजे खरा मार्ग सांपडतो.

२८ जानेवारी १९७६ च्या रात्रीं गुजराथेंतील धजाळा गांवाच्या परिसरांत असे दगड पडले. प्रत्यक्ष पाहणाऱ्यांच्या वर्णनांवरून शास्त्रज्ञांनीं त्या उल्केचा आकाशांतील मार्ग काढला, व तत्पूर्वीं ती सूर्याभोंवतीं कोणत्या कक्षेंत फिरत होती हेंही ठरविलें. सामान्य माणसांच्या साक्षीचें मोल एवढें आहे!

तेव्हां विद्यार्थ्यांनो, उल्का दिसतांच एक, दोन असे आंकडे मोजून ती किती वेळ टिकली हें ठरवा. ती विझतांच घड्याळ पाहा. ती कोठें प्रकटली व कोठें विझली, हें झाड किंवा मनोरा यांच्या खुणेनें ध्यानांत ठेवा. हात लांब करून धरलेली मूठ आकाशाचे सुमारें १० अंश झांकते. तिनें क्षितिजापासूनची उंची मोजा. मग कांहीं मिनिटें कान देऊन स्वस्थ उभे राहा. तीन मिनिटांनीं गडगडाट ऐकूं आला, तर तो सुमारें ६० किलोमीटरांवरून आला असें समजा. दिवस उजाडल्यावर त्याच जागीं उभे राहून होकायंत्रानें दिशा तपासा.

हें सारें कोणाशीं बोलण्यापूर्वीं लिहून काढा. कारण शेजाऱ्याचें ऐकतां ऐकतां आपलें पाहिलेलें बदलून जातें. जें दिसलें नाहीं, तेथें 'दिसलें नाहीं' असेंच लिहा. पालकांनींही अशी वही मुलांच्या उशाशीं ठेवावी. उल्का क्षणांत विझते. प्रामाणिकपणें लिहिलेली ओळ मात्र मागें राहते.